आकडा हाताने लिहू नका: शोधलेखनात संदर्भ आणि दुवे कसे सांभाळावेत

शोधनिबंधात एखाद्या वाक्याच्या शेवटी चौकटी कंसात १७ असा आकडा असतो. वाचणाऱ्याला तो इतकंच सांगतो, की या विधानाचा आधार शेवटच्या यादीत सतराव्या जागी आहे. आता लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहा. मार्गदर्शकांनी सुचवलं म्हणून पहिल्या प्रकरणात एक नवा दाखला घातला. यादी मजकुरातल्या क्रमाने लावलेली असेल, तर हा दाखला झाला नववा, जुना नववा झाला दहावा आणि तिथून पुढचा प्रत्येक आकडा एकाने सरकला. हे आकडे हाताने टाइप केलेले असतील तर ते सगळे शोधून बदलावे लागतात. त्यातला एक जरी राहिला, तरी विधान एका संशोधकाचं आणि श्रेय दुसऱ्याला, असं होऊन बसतं. पान मात्र नीटनेटकंच दिसत राहतं, म्हणून ही चूक मुद्रितशोधनातही निसटते.

यावरचा उपाय एका नियमात सांगता येतो. जी गोष्ट जागेवरून ठरते, ती हाताने लिहायची नाही. संदर्भाचा क्रमांक, आकृतीचा क्रमांक, प्रकरणाचा क्रमांक, पान क्रमांक हे सगळे मजकूर हलला की बदलतात. त्याऐवजी प्रत्येक गोष्टीला न बदलणारं एक टोपणनाव द्यायचं, मजकुरात ते टोपणनाव वापरायचं आणि मोजण्याचं काम संगणकावर सोपवायचं. हे लेटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत सगळ्यात उघडपणे दिसतं, म्हणून पुढची बरीचशी चर्चा लेटेकच्या आधाराने केली आहे. वर्डमध्ये झोटेरो, मेंडली किंवा एंडनोट ही संदर्भ सांभाळणारी साधनं जोडून लिहिणाऱ्यांनाही हाच नियम लागू पडतो. फक्त तिथे यंत्रणा पडद्यामागे असते.

तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या

डोनाल्ड कनूथ यांनी १९७८ मध्ये टेक ही प्रणाली आणली. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात तिच्यावर लेटेक उभारलं आणि ओरेन पटाश्निक यांनी १९८५ मध्ये त्याच्या जोडीला बिबटेक हा संदर्भ हाताळणारा प्रोग्रॅम लिहिला. बिबटेकमागची विभागणी आजही तशीच टिकून आहे. संदर्भाची माहिती एका फाइलमध्ये असते, तिला बिब फाइल म्हणतात. ती माहिती कशी छापायची, म्हणजे लेखकाचं आडनाव आधी की नाव आधी, वर्ष कुठे, शीर्षक तिरप्या अक्षरात की सरळ, हे दुसऱ्या फाइलमध्ये असतं. ती शैलीची फाइल. आणि कोणत्या वाक्याला कोणता संदर्भ हवा, एवढंच तुमच्या मजकुरात असतं.

या विभागणीचा फायदा निबंध एका नियतकालिकाने नाकारल्यावर कळतो. पहिल्याला कंसातले आकडे हवे होते, दुसऱ्याला लेखकाचं नाव आणि वर्ष हवं आहे. माहिती आणि रूप वेगळं ठेवलेलं असेल तर शैलीच्या नावाची एक ओळ बदलायची, की काम झालं. यादी हाताने टाइप केलेली असेल तर दोनशे नोंदींमधला प्रत्येक स्वल्पविराम नव्याने लावायचा.

प्रश्नचिन्हं का दिसतात

लेटेक नव्याने शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला पहिला धक्का इथे बसतो. संदर्भ मागवणारी साइट (इंग्रजीत cite) ही आज्ञा लिहिली, टोपणनाव बरोबर दिलं, फाइल कम्पाइल केली, म्हणजे तिच्यातून पानं तयार करवली, आणि पानावर आकड्याच्या जागी ठळक प्रश्नचिन्ह आलं. काही बिघडलेलं नसतं. टेक तुमचा मजकूर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकदाच वाचतं आणि वाचता वाचता पानं तयार करून बाहेर टाकतं. त्या काळच्या संगणकांची स्मृती इतकी तोकडी होती, की सबंध पुस्तक एकदम डोक्यात धरणं परवडणारं नव्हतं. त्यामुळे पाचव्या पानावर असताना शेवटच्या यादीत काय आहे, हे त्याला ठाऊक नसतं.

मग ते चिठ्ठी लिहून ठेवतं. पहिल्या फेरीत, वाटेत जी जी टोपणनावं भेटली ती ऑक्स नावाच्या मदतनीस फाइलमध्ये नोंदवली जातात आणि पानावर तात्पुरतं प्रश्नचिन्ह पडतं. त्यानंतर बिबटेक चालवायचं. ते तुमचा निबंध वाचतच नाही. ते फक्त ही चिठ्ठी वाचतं, बिब फाइलमधून नेमक्या तेवढ्याच नोंदी उचलतं, शैलीप्रमाणे त्यांची यादी लावतं आणि ती बीबीएल नावाच्या फाइलमध्ये ठेवतं. लेटेकच्या दुसऱ्या फेरीत ती यादी शेवटच्या पानांवर बसते आणि कोणत्या टोपणनावाला कोणता क्रमांक मिळाला, हे चिठ्ठीत लिहिलं जातं. तिसऱ्या फेरीत तो क्रमांक मजकुरात पोचतो. एकूण चार वेळा यंत्र चालतं: लेटेक, बिबटेक, लेटेक, लेटेक. प्रश्नचिन्हाच्या जागी खरा आकडा आल्याने ओळ लांबली आणि पान सरकलं, तर आणखी एक फेरी लागू शकते. तेव्हा लेबलं बदलली असावीत, पुन्हा चालवा, असा इशारा फेरीची नोंद ठेवणाऱ्या लॉग फाइलच्या शेवटी येतो. लेटेकएमके हे साधन या फेऱ्या स्वतःच मोजून पुरेशा वेळा चालवतं, आणि लेटेकची ऑनलाइन लेखनसाधनंही हे आपणहून करतात.

एवढी यंत्रणा समजली, की अडचण कुठे आहे ते ओळखता येतं. सगळीच प्रश्नचिन्हं असतील तर बहुधा बिबटेक चाललंच नाही, किंवा त्याला बिब फाइल सापडली नाही. एकच प्रश्नचिन्ह असेल तर बहुधा त्या टोपणनावात टाइपची चूक आहे. आणि बिब फाइल दुरुस्त करूनही यादीत जुनीच चूक दिसत असेल, तर बीबीएल फाइल जुनी आहे. मदतनीस फाइल्स पुसून पुन्हा चालवायचं.

टोपणनाव निवडताना थोडा विचार केला तर पुढे बराच त्रास वाचतो. संदर्भ१, संदर्भ२ अशी नावं देऊ नयेत. चार महिन्यांनी त्यातलं काहीच आठवत नाही. पहिल्या लेखकाचं आडनाव, वर्ष आणि शीर्षकातला एक शब्द ही पद्धत पुरेशी आहे. नावात मोकळी जागा आणि स्वल्पविराम चालत नाही.

नोंद भरणं हे खरं काम

संगणक क्रम लावतो, कंस घालतो, विरामचिन्हं सांभाळतो. नोंदीतली माहिती खरी आहे की नाही, हे मात्र त्याला कळत नाही. माझ्या मते संदर्भांवर खर्च होणाऱ्या वेळातला निम्म्याहून अधिक वेळ इथे जायला हवा, आणि प्रत्यक्षात सगळ्यात घाई इथेच होते.

एक ओळखीचा दाखला घेऊ. डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन आणि क्रिक यांचा निबंध नेचरमध्ये १९५३ साली खंड १७१ मध्ये, पृष्ठ ७३७ ते ७३८ वर आला. बिब फाइलमध्ये ही नोंद निबंध या प्रकाराखाली जाते आणि लेखक, शीर्षक, नियतकालिक, वर्ष, खंड, पृष्ठं अशी प्रत्येक गोष्ट आपापल्या खणात पडते. पुस्तक, परिषदेतला निबंध, पदवीचा प्रबंध, संपादित ग्रंथातलं एक प्रकरण या सगळ्यांचे प्रकार वेगळे आहेत आणि प्रत्येकाचे आवश्यक खणही वेगळे. परिषदेतला निबंध नियतकालिकाच्या प्रकारात घातला, तर परिषदेचं नाव छापलंच जात नाही किंवा भलत्या जागी जातं.

लेखकांच्या खणात सर्वाधिक चुका होतात. दोन लेखकांच्या मध्ये स्वल्पविराम चालत नाही, तिथे इंग्रजीतला ‘अँड’ हा शब्दच लिहावा लागतो, लेखक दोन असोत की वीस. कारण स्वल्पविरामाला बिबटेकमध्ये ठरलेला अर्थ आहे: त्याच्या आधी आडनाव, नंतर नाव. स्वल्पविराम दिलाच नाही तर यंत्र शेवटचा शब्द आडनाव धरून चालतं. ज्या समाजांत आडनाव आधी लिहितात, किंवा दोन शब्दांचं आडनाव असतं, किंवा आडनावच नसतं, तिथल्या लेखकांची नावं यामुळे सहज मोडतात. म्हणून आडनाव, स्वल्पविराम, नाव असंच लिहावं. आणि लेखक ही संस्था असेल तर ते नाव आणखी एका महिरपी कंसाच्या जोडीत बंद करावं. तसं केलं नाही तर वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशन ही संस्था यादीत ऑर्गनायझेशन आडनावाची आणि डब्ल्यू. एच. अशा आद्याक्षरांची व्यक्ती होऊन जाते. छापील प्रबंधांतही असं घडलेलं दिसतं आणि वाईट वाटतं, कारण ते टाळणं अगदी सोपं होतं.

महिरपी कंसांची दुसरी गरज रोमन लिपीतल्या शीर्षकात पडते. बऱ्याच शैली शीर्षकाचं पहिलं अक्षर सोडून बाकी सगळी अक्षरं लहान करतात. त्यात डीएनएची तिन्ही मोठी अक्षरं लहान होतात, देशांची आणि माणसांची नावंही. जे शब्द जसेच्या तसे राहायला हवेत त्यांच्याभोवती महिरपी कंस घालायचे. सबंध शीर्षकाभोवती नकोत, नाहीतर शैलीला हवा तो बदल करताच येत नाही.

नोंदी हाताने टाइप करण्यापेक्षा झोटेरो किंवा जॅबरेफसारख्या साधनातून उतरवणं चांगलं. निबंधाचा डीओआय, म्हणजे त्याची कायमची ओळखखूण, दिला, की प्रकाशकाने नोंदवलेली माहिती थेट येते. तरीही आलेली प्रत्येक नोंद मूळ निबंधाच्या पहिल्या पानाशी ताडून पाहावी. शोधयंत्रांतून उतरवलेल्या नोंदींमध्ये लेखकांची नावं अर्धवट असतात, पृष्ठं गळालेली असतात, आणि कधी एकच निबंध दोनदा येतो: एकदा प्रकाशनपूर्व प्रत (प्रीप्रिंट) म्हणून, एकदा नियतकालिकातला. दोघांना वेगळी टोपणनावं असल्याने यंत्र त्यांना दोन स्वतंत्र संदर्भ समजतं.

रोमन सोडून इतर लिप्यांमध्ये संदर्भ असतील तर बिबटेक अपुरं पडतं. ते युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांना सामावणाऱ्या संकेतप्रणालीच्या, आधीच्या काळातलं आहे, त्यामुळे देवनागरी नावांची अकारविल्हे लावणं त्याच्या आवाक्याबाहेरचं. तिथे बिबलेटेक हे पॅकेज (लेटेकला जोडायचा पूरक संच) आणि त्याच्या जोडीचा बीबर हा प्रोग्रॅम वापरावा. बीबर युनिकोडच्या वर्णक्रमाचे नियम जाणतो आणि तुमची बिब फाइल बहुतांशी तशीच चालते. मात्र नियतकालिकाने स्वतःचा साचा दिला असेल तर त्यात काय चालतं ते आधी पाहावं. अनेक साचे अजून बिबटेकवरच बेतलेले आहेत.

वाक्यात दाखला कसा बसवावा

नाव आणि वर्ष या पद्धतीत दोन रूपं लागतात. ‘वॉटसन आणि क्रिक (१९५३) यांनी दाखवलं’ हे एक, आणि विधानानंतर सगळंच कंसात, ‘(वॉटसन आणि क्रिक, १९५३)’, हे दुसरं. नॅटबिब या पॅकेजमध्ये दोन्हींसाठी वेगळ्या आज्ञा आहेत, बिबलेटेकमध्येही आहेत. आकड्यांच्या पद्धतीत ‘[१७] मध्ये असं म्हटलं आहे’ अशी वाक्यं टाळावीत. कंस काढून टाकला तरी वाक्य उभं राहायला हवं. जाड ग्रंथाचा दाखला देताना पान क्रमांकही द्यावा. साइटच्या आज्ञेत त्यासाठी ऐच्छिक जागा आहे. पाचशे पानांच्या पुस्तकाकडे नुसतं बोट दाखवणं वाचणाऱ्यावर अन्याय आहे. आणि आकड्याच्या आधी टिल्डचं चिन्ह (~) घालावं, म्हणजे आकडा एकटाच पुढच्या ओळीत जात नाही.

आकृत्या आणि लेबलाची जागा

आकृती, तक्ता, समीकरण, प्रकरण यांच्या अंतर्गत संदर्भांनाही तोच नियम. वस्तूला लेबल द्यायचं आणि मजकुरात रेफ (इंग्रजीत ref) या आज्ञेने त्या लेबलाचं नाव घ्यायचं. इथली एक चूक इतकी सर्रास होते, की तिच्यावर थांबायलाच हवं. आकृतीत लेबल आधी आणि मथळा नंतर लिहिला, तर मजकुरात आकृतीच्या क्रमांकाऐवजी उपप्रकरणाचा क्रमांक येतो. ‘आकृती ३’ असायला हवं तिथे ‘आकृती २.४’ छापलं जातं. कुठलाही इशारा येत नाही, प्रश्नचिन्हही पडत नाही.

याचं कारण असं, की लेबल स्वतः काही मोजत नाही. ते फक्त ‘शेवटचा वाढलेला आकडा कोणता’ हे टिपून ठेवतं. आकृतीचा आकडा आकृती सुरू झाली म्हणून वाढत नाही, मथळ्याची आज्ञा आली की वाढतो. मथळ्याच्या आधी लेबल ठेवलं तर त्याला शेवटचा वाढलेला आकडा सापडतो तो उपप्रकरणाचा. म्हणून लेबल नेहमी मथळ्यानंतर.

क्लेव्हररेफ हे पॅकेज आणखी पुढे जातं. ते लेबल कशाचं आहे हे ओळखून ‘आकृती’ किंवा ‘तक्ता’ हा शब्दही आपणच घालतं आणि तीन आकृत्यांचे दाखले एकदम दिले तर ‘१ ते ३’ असं जोडून देतं. लेबलांच्या नावांच्या सुरुवातीला फिग, टॅब, ईक्यू अशी खूण लावण्याची प्रथा आहे. ती पाळली तर आकृती आणि तक्ता यांची नावं एकमेकांत मिसळत नाहीत.

टिचकी मारता येणारे दुवे

पीडीएफमधला आकडा टिचकी मारताच यादीतल्या नोंदीवर नेतो, ते हायपररेफ या पॅकेजमुळे. सेबास्टियन राट्झ यांनी त्याची सुरुवात केली. ते लेटेकच्या अनेक आज्ञा आतून बदलतं, म्हणून इतर पॅकेजांनंतर बोलवायचं. क्लेव्हररेफ मात्र त्याच्याही नंतर. हा क्रम उलटला तर दुवे गायब होतात किंवा भलतीकडे नेतात. दुव्यांभोवती डीफॉल्ट म्हणून दिसणाऱ्या रंगीत चौकटी फक्त पडद्यावर असतात, कागदावर छापल्या जात नाहीत. अक्षरांनाच रंग देण्याचा पर्याय निवडला तर तो रंग छपाईतही येतो. प्रबंधासाठी चौकटीही नकोत आणि रंगही नको असेल तर दुवे लपवण्याचा पर्याय आहे. दुवे चालतात, दिसत नाहीत.

लांबलचक वेबपत्ते समासाबाहेर जातात. एक्सयूआरएल पॅकेज त्यांना कुठल्याही अक्षरापाशी तोडू देतं आणि तोडलेला पत्ताही टिचकीला पूर्णच राहतो.

पत्ता बदलतो, ओळख राहते

वेबपत्ता सांगतो की एखादी गोष्ट आज कुठे ठेवलेली आहे. संकेतस्थळाची रचना बदलली, प्रकाशक विकला गेला, की पत्ता निकामी. अमेरिकेतल्या कायदेविषयक लेखनाच्या एका अभ्यासाने २०१४ मध्ये दाखवलं, की हार्वर्डच्या कायदे-नियतकालिकांतले ७० टक्क्यांहून अधिक आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतले ५० टक्के वेबदुवे मूळ संदर्भित मजकुराकडे नेत नव्हते. यात दोन प्रकार असतात: पान उघडतच नाही, किंवा उघडतं पण आतला मजकूर बदललेला असतो. दुसरा अधिक घातक, कारण तो लक्षात येत नाही.

डीओआय ही यासाठीच केलेली व्यवस्था आहे. माणसाने घर बदललं तरी फोन नंबर तोच राहावा, तसं निबंधाचं स्थलांतर झालं तरी डीओआय तोच राहतो. प्रकाशकाने नवा पत्ता नोंदवायचा आणि मधली यंत्रणा वाचणाऱ्याला तिकडे पाठवते. शोधनिबंधांसाठी ही नोंदणी मुख्यतः क्रॉसरेफ ही संस्था २००० सालापासून करते. प्रत्येक डीओआय १० या आकड्याने सुरू होतो. तिरप्या रेघेआधीचा भाग नोंदणी करणाऱ्या प्रकाशकाचा, नंतरचा त्या निबंधाचा. नेचरचा उपसर्ग १०.१०३८ आहे. मात्र ही व्यवस्था आपोआप चालत नाही. प्रकाशकाने पत्ता अद्ययावत केला नाही तर डीओआयही अडतो, पण निदान ओळख तरी हरवत नाही.

बिब फाइलच्या डीओआयच्या खणात नुसती ओळख लिहावी, सबंध वेबपत्ता नको. पत्त्याचा पुढचा भाग शैली स्वतः जोडते. दोन्ही दिलं तर तो दोनदा येऊन दुवा मोडतो. आणि डीओआय असेल तर त्याच निबंधाचा वेगळा वेबपत्ता देण्याची गरज नसते.

ज्या पानांना डीओआय नाही, म्हणजे सरकारी परिपत्रकं, बातम्या, सॉफ्टवेअरची मदतपानं, त्यांच्यासाठी पाहिल्याची तारीख नोंदवावी आणि त्याच दिवशी पानाची प्रत वेबॅक मशीन या वेबपानांच्या संग्रहात जतन करून घ्यावी. त्या प्रतीचा पत्ताही नोंदीत द्यावा. हे काम प्रबंध लिहून झाल्यावर करू म्हणून ठेवलं तर तोवर काही पानं गेलेली असतात.

देण्यापूर्वीची तपासणी

अक्षरजुळणी इतकी सफाईदार असते, की अस्तित्वात नसलेला निबंधही यादीत तितकाच भारदस्त दिसतो. संभाषण करणाऱ्या एआय साधनांनी रचलेले खोटे संदर्भ आता खऱ्या लेखनात शिरत आहेत. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने अशाच साधनाने कल्पिलेले निकाल दाखल केल्याबद्दल दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला ५,००० डॉलर दंड केला. म्हणून प्रत्येक डीओआय स्वतः उघडून, समोर आलेलं शीर्षक आणि लेखक नोंदीशी जुळतात का ते पाहावं. जो निबंध निदान संबंधित भागापुरता वाचलेला नाही, तो यादीत नसावा.

मागे घेतलेले निबंधही तपासावेत. रिट्रॅक्शन वॉच हा मागे घेतलेल्या निबंधांचा माहितीसंच २०१९ पासून झोटेरोला जोडलेला आहे. तुमच्या संग्रहातला एखादा निबंध मागे घेतला गेला तर झोटेरो तसा इशारा देतं. बिबलेटेक आणि हायपररेफ, दोन्हींमध्ये मागे जाणाऱ्या दुव्यांचा पर्याय आहे. तो चालू केला की प्रत्येक नोंदीपुढे ती कोणकोणत्या पानांवर वापरली ते छापलं जातं. पहिल्या मसुद्यापासून तो चालू ठेवावा, कारण एखाद्या आधाराचा निबंध मागे घेतला गेला तर आपली कोणती विधानं तपासायची, हे त्या पान क्रमांकांवरून लगेच समजतं.

सगळ्यात शेवटी लॉग फाइल उघडून त्यात ‘अनडिफाइन्ड’ हा शब्द शोधावा, तसंच बिबटेकच्या स्वतःच्या बीएलजी फाइलमध्ये रिकाम्या खणांचे इशारे पाहावेत. मग पीडीएफमध्ये दुहेरी प्रश्नचिन्ह शोधावं: साइटचं प्रश्नचिन्ह एकेरी असतं, रेफचं दुहेरी. नियतकालिकाने मूळ फाइल्स मागितल्या तर बिब फाइलबरोबर बीबीएल फाइलही पाठवावी. अनेक ठिकाणी छपाईच्या वेळी तीच वापरली जाते.